दगडी पाल्याचं खळं

सर, अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात पाला वळखणारा मह्यासारखा दुसरा माणूस न्हाई. तुमचं वाटोळं झालं ते मीच आणून दिलेल्या पाल्यानं.

हे आज पहिल्यांदा तोंडातून काढलं. आन् काढलं कोणापुढं, तर बाईंपुढं, तुमच्याच मंडळीपुढं. तुमचं कॉलेज तुमच्या नावानं पुस्तक काढून राहिलं. तिथला शिपाई तांड्यावर आला आन् म्हणला, "फुलसिंग, तू सरांसंगं एवढी वर्षं हिंडलास, तुहेबी दोन शब्द पाहिजेत." म्हणलं, शब्द लई हायेत बाबा, अक्षर एकबी न्हाई. मग बाई म्हणल्या, "तुम्ही बोला, मी लिहिते." शाळेत पोरायला शुद्धलेखन घालून घालून त्यायचा हात बसलेला. तवा तुमी जाऊन आज सोळावा दिस, तुमच्याच टेबलावर बाई लिहून राहिल्या, आन् मी खाली फरशीवर बसून बोलून राहिलो. खुर्ची दिलती. पण खुर्चीत बसलं की मला खोटं सुचतं.

पहिल्या दोन ओळी लिहून बाईंनी वर पाह्यलं. "हे खरंच लिहायचंय, फुलसिंगभाऊ?" म्हणलं, "लिहा. आज विनोद न्हाई." त्यायला ते पटलं न्हाई. जल्मभर लोकायला हसवलं, त्याची ही कमाई. मी 'आग लागली' म्हणून बोंबललो तरी लोक पोट धरून हसतील, आन् जळतील.

तुमची आन् मही भेट आठवते का सर? हट्ट्याच्या शिवारात मी मालकाच्या मोसंबीच्या बागेत पाणी द्यायला होतो. तुमी स्कुटर बांधावर उभी केली, खिशातून वही काढली आन् एकेका झाडाचं नाव इचारू लागलात. मला वाटलं, पटवारी बिटवारी असंल. म्हून म्या तुमाला मनची नावं सांगितली. एका गवताला म्हणलं 'सासूचं नाक', एका येलाला म्हणलं 'सरपंचाची मिशी'. तुमी सगळं बराबर लिहून घेतलं. मला एवढं हसू फुटलं की हातातला इळा सटकला आन् बोट चिरलं. देवानं जागच्या जागी निकाल दिला.

मग काय, बांधावरचा दगडी पाला तोडला, तोंडात टाकून चावला, बोटावर थापला आन् धोतराची चिंधी बांधली. आमच्या तांड्यावर लेकरालाबी माहीत हाय हे. तुमी वही बंद केली.

"तोंडात चावून लावलास? तुझ्या तोंडात किती जंतू असतात, कल्पना आहे का?"

म्हणलं, "मेलेले असतेत सर. मी तंबाखू खातो."

तुमी हसलात. मह्या विनोदाला शिकलेला माणूस पहिल्यांदा हसला. तितंच मी तुमाला इकल्या गेलो. आठ दिवसानं तुमी पुन्हा आलात, बोट सोडून पाह्यलं. जखम सुकलेली. तुमी त्या पाल्याचं पिवळं-पांढरं फूल हातात घेऊन लई येळ उभे राहिलात. म्हणलात, "फुलसिंग, हा पाला मला आणून देत जा. ह्यात जंतू मारायची ताकद किती आहे ते मोजायचंय."

आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ वाह्यचे, मुलूखभर हिंडायचे. मी सायकलवर पाला वाहू लागलो. खानदानात तेवढीच तरक्की.

कॉलेजातली तुमची ती मागली खोली. तिथं घरातून उचलून आणलेला कुकर, आन् घरातलंच मिक्सर. (बाईंनी इथं पेन थांबवला. "कुकर कधीच परत आला नाही," म्हणल्या. "लिहा," म्हणलं, "तेबी लिहा.") पाला सावलीत वाळवायचा, भुकटी करायची, स्पिरिटात भिजत घालायची, गाळून अर्क काढायचा. मग त्या काचेच्या ताटलीत खिरीसारखं काहीतरी थिजवलेलं. त्याच्यावर दवाखान्यातून आणलेले जखमेतले जंतू पेरायचे, मधी भोक पाडून अर्काचे थेंब टाकायचे आन् गरम पेटीत ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ताटलीभर जंतूचं पीक आलेलं, आन् अर्काच्या भोवती गोल, सफाचाट जागा. तुमी म्हणलात, "हे बघ, इथं जंतू वाढले नाहीत."

म्हणलं, "सर, हे तर खळं हाय. मधी मेढ रोवली आन् बैलं फिरवली, तसं साफ."

तुमाला तो शबुद लई आवडला. तवापासून तुमीबी खळंच म्हणू लागलात. दगडी पाल्याचं खळं वाटाण्याएवढं यायचं. दर बारीला वाटाणाच. तुमी पट्टी लावून मोजायचात आन् खुशीत म्हणायचात, "लहान आहे, पण आहे." सर, तुमचं ते खरं सुख होतं. मला तवा कळलं न्हाई. तुमालाबी न्हाई.

एक दिवस तुमी चिडलात. "फुलसिंग, पाला आणतोस का माती? धुऊन आणत जा की." मला लागलं. म्हणलं, सरायला असा पाला देतो की आरशासारखा चमकंल. मालकाच्या बागेत पलास्टिकचा एक निळा ड्रम होता, हापश्याजवळ, अर्धा भरलेला. त्यात पाला बुडवला, घोळसला, दोनदा-तीनदा काढला, पुन्हा बुडवला, आन् झाकून तसाच ठेवून भाकर खायला गेलो. पाणी जरा निळं दिसत होतं. ड्रमच निळा, तर पाणी काय लाल दिसंल? मह्यासारख्याची अक्कल तेवढीच चालती.

त्या पाल्याचं खळं भाकरीएवढं आलं.

तुमी मला बोलवायला सवता स्कुटर घेऊन बागेत आलात. खोलीत जाऊन पाह्यलं, तर ताटलीत जंतूला जागाच उरली न्हवती, जंतू कडंला चिकटून बसलेले, पुरात माळावर चढलेल्या मेंढरासारखे. तुमी ताटली दोनदा उजेडाला धरली. त्या वाळवलेल्या पाल्याची भुकटी डबाभर होती. तुमी पाच बारी केलं, पाचबी बारी भाकर. लिहून छापायला धाडलं. छापून आलं त्यात शेवटाला महं नाव होतं, पाला आणून दिल्याबद्दल. तुमी बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, फुलसिंग." मी म्हणलं, "सर, हे उलटं तर न्हाई ना छापलं?" मला कसं कळावं?

मग कॉलेजच्या गॅदरिंगला तुमी मला वर बोलावलं. शाल, नारळ. सगळ्या पोरांपुढं म्हणलात, "ह्या माणसाला वाचता येत नाही, पण ह्याला माळ वाचता येतो." मी माइकवर म्हणलं, "मी शाळेत पहिल्यांदाच आलो, आन् डायरेक शाल घ्यायला आलो. पोरांनो, मधले पंधरा वर्षं वाचले." लई टाळ्या पडल्या. ती शाल अजून हाय सर. मह्या बायकोनं एकदा बकरीला पांघरली तर मी तिला मारायला धावलो. बायकोला. बकरीचा काय गुन्हा?

त्या शालीनंच घात केला.

कारण पुढच्या सालाला मोसंबीच्या खोडाला बुरशी मारायचा मोरचूद-चुना लावायचा होता. मुकादमानं मोरचुदाची पुरचुंडी त्याच निळ्या ड्रमात रातभर भिजत टाकली. सकाळी काम झाल्यावर मी ड्रम धुवायला गेलो, तर मुकादम वरडला, "ते पाणी वाफ्यात टाकू नको रे! मागच्या साली इसरून तसंच राह्यलतं, बेडकं उताणे पडलेते." मी ड्रम उलटा केला. तळाला निळी-हिरवी साय बसलेली. बोटानं खरवडली. मागच्या सालीबी असलीच साय व्हती, म्या शेवाळ समजलो.

सर, मी तितंच खाली बसलो. जंतू पाल्यानं मेले न्हवते. मोरचुदानं मेलते. भाकर पाल्याची न्हवती.

बाई, लिहा. थांबू नका.

त्याच दिवशी सायकल काढून कॉलेजात यायचं होतं. निघालोबी. पण वाटेत डोक्यात आलं, शाल परत द्यावी लागंल. लोक म्हणतील, पाहा, अडाण्याच्या नादी लागून सर फसला. मी सायकल वळवली आन् घरी येऊन झोपलो. एवढीच मही बहादुरी. मह्यावर वाघ आला असता तर मी लढलो असतो. शाल आली, तर पळलो.

आन् मग विद्यापीठातून कागद आला, की आमच्यापुढं करून दाखवा. तवा पाला मीच आणून दिला सर. कालव्याच्या वाहत्या पाण्यात धुऊन, निर्मळ. मनात म्हणलं, देवा, ह्या बारीला मोरचुदाबिगर भाकर येऊ दे. देवाला काय तेवढाच धंदा हाय?

वाटाणा आला.

तिथं काय झालं ते तुमी एकदाच सांगितलं. तीन-चार मोठी माणसं होती, आन् तुमच्याच कॉलेजातले एक सर होते. तेच म्हणले, "कागदावर भाकर होती, इथं वाटाणा कसा? शिसपेन्सिल जास्त फिरली काय?" सगळे हसले. तुमी एसटीनं परत आलात. मी फाट्यावर उभा होतो. तुमचं तोंड पाह्यलं आन् मला सुधरंना काय बोलावं. जे बोलू नाही तेच निघालं. "काहून सर, खळं बारीक झालं म्हंजे औंदा पीक कमी दिसतंय."

तुमी हसला न्हाईत. पिशवी घेऊन चालू लागलात. मह्या विनोदाला तुमी हसला न्हाईत, हे पहिल्यांदाच.

त्याच्यानंतर तुमाला कॉलेजात काय म्हणायचे हे मला माहीत हाय. "आले भाकरीवाले." पोरंबी म्हणायची. पीएचडी म्हणतेत ती पदवी अर्ध्यात राह्यली. आन् आज, जो शिसपेन्सिलीचं बोलला, तोच ह्या पुस्तकात पहिला लेख लिहून राहिला म्हणे. 'थोर संशोधक' म्हणून. बाईंनी मघाशी वाचून दाखवला. मला ढेकर आला.

तुमी मातर सोडलं न्हाई. म्हणलात, "फुलसिंग, मी डोळ्यांनी पाहिलंय. भाकर आली होती. मग तो पाला वेगळा होता. जमीन वेगळी असेल, हंगाम वेगळा असेल. झाडाला ताण पडला की ते आपल्या अंगात जास्त कडू तयार करतं." मग आपण हिंडू लागलो. साखऱ्याच्या कोरडवाहू रानात भर उन्हाळ्यात. वारंगा फाट्यावर, डिझेलनं काळ्या पडलेल्या कडंच्या मातीत. मुरमाड, काळी, खारवट. उन्हाळी पाला, हिवाळी पाला, फुलाच्या आधीचा, फुलाच्या नंतरचा. आपण हिंडत असतानाच हिंगोलीचा जिल्हा झाला, हपिसावरच्या पाट्या बदलल्या. तुमच्या ताटलीतला वाटाणा बदलला न्हाई. आठ वर्षं, सर. आठ वर्षं तुमी शोधत होतात, आन् जे शोधत होतात ते तुमच्या मागं स्कुटरवर बसलेलं होतं, शेंगा खात.

आन् एक सांगतो, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ती आठ वर्षं मह्या जिंदगीतली सगळ्यात चांगली होती. तुमी झाडाची लॅटिन नावं सांगायचात, मी त्यायला तांड्यातल्या म्हाताऱ्यांची नावं जोडायचो. दुपारच्याला एका झाडाखाली भाकर सोडायची. आपलं भांडणबी तिथंच चालायचं. तुमी म्हणायचात, "एकदा आलं ते खरं नाही. दहादा यायला पाहिजे." मी म्हणायचो, "मही बायको एकदाच आली, ती काय खोटी?" तुमी म्हणायचात, "विषय बदलू नकोस."

एकदा मी म्हणलं, "सर, वाटाणाबी खळंच हाय ना? काहून भाकरीच्या मागं लागलात? वाटाणाच छापा."

तुमी हातातला तुकडा खाली ठेवला. मग म्हणलात, "मी भाकर पाहिली आहे, फुलसिंग. आता वाटाण्यावर पोट भरत नाही."

तवा घास मह्या नरड्यात अडकला. तुमी पाणी दिलं.

वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात तर मी सांगायलाच बसलो होतो. चहा आला. म्हणलं, "सर, एक सांगू का? खरं?" तुमी कपाळ दाबत होतात, म्हणलात, "आज विनोद नको रे. डोकं दुखतंय." मी म्हणलं, "न्हाई सर, विनोद न्हाई." तुमी मह्याकडं पाह्यलं, आन् तुमच्या तोंडावर आधीच हसू येऊ लागलं. मी तोंड उघडलं की तुमाला तकलीफ इसरायची सवय लागलेली. मग मी काय करणार? विनोद सांगितला. मास्तर आन् म्हशीचा. तुमी डोळ्यातून पाणी येईस्तोवर हसलात. माणसानं स्वतःची जीभ खाल्लेली कधी पाह्यली का? मी त्या दिवशी बिस्किटासंगं खाल्ली.

नंतर तुमाला साखरेचा आजार निघाला. पायाला खडा टोचला, जखम झाली, चिघळली. नांदेडच्या दवाखान्यात मी आलो तवा तुमच्या हातात एक कागद होता. तुमच्याच पायातले जंतू दवाखान्यानं काचेच्या ताटलीत पेरलेते, आन् वेगवेगळ्या औषधाच्या टिकल्या ठेवून पाह्यलं होतं, कोणती लागू पडते ते. तुमी मला कागद दाखवला, जसं काही मला वाचता येतं. म्हणलात, "बघ फुलसिंग. एकाही औषधाभोवती खळं नाही. काय पीक आलंय!" आन् हसलात. सर, जंतू तुमच्या पायात आन् तुमी त्यायचं कवतिक करू लागलात. मला तुमचा एवढा राग आला. आठ वर्षं ज्यायच्या मागं हिंडलात त्यायनंच तुमाला खाल्लं, आन् तुमी मार्क देऊन राहिलात.

मह्या पिशवीत पाला होता. मला माहीत होतं, वाटाण्याएवढी त्याची ताकद. त्या पायाला वाटाण्यानं काय व्हणार? पण मोकळ्या हातानं कसा येऊ? तुमी पिशवी पाह्यली. आन् इचारलं,

"धुऊन आणलास ना?"

सवयीनं इचारलं तुमी. दुसरं काही न्हवतं त्यात, मला माहीत हाय. पण म्या पिशवी खाटेखाली सरकवली. तितं सांगायचं होतं. खाटेजवळ कोणीबी न्हवतं, बाई औषध आणायला खाली गेलत्या. मी म्हणलं, "व्हय सर. कालव्यात." तुमी म्हणलात, "शाब्बास." नर्स आली आन् पिशवी उचलून कचऱ्यात टाकली. बराबर केलं तिनं.

तेवढंच. मग तुमी गेलात.

आता हे पुस्तक वाचणारायला सांगतो. सरायनं खोटं लिवलं न्हाई. ताटलीत जे दिसलं तेच लिवलं. भाकर आलती, पाच बारी आलती, मह्या डोळ्यानं पाह्यली. ती मोरचुदाची होती, आन् मोरचूद मह्या हातानं गेला. हसायचं असंल तर मला हसा, मला सवय हाय. सरायचं नाव त्यातून काढा. त्या माणसाची सगळी हयात मी, फुलसिंगनं, एका निळ्या ड्रमात बुडवली.

हे मधलं मी मागून सांगून बाईंकडनं लिहून घेतलं. एवढं बोलून मी थांबलो. बाई लिहितच होत्या. शेवटची ओळ झाली, पेनाला टोपण लावलं. मला वाटलं आता रडतील, न्हाई तर मला हाकलतील. दोन्हीची तयारी होती. मी म्हणलं, "बाई, तुमी जे बोलाल तेबी लिहा. हितंच, खाली." त्यायनं टोपण पुन्हा काढलं, आन् बोलत बोलत लिहिलं:

"एवढं मोठं खळं आल्यावर, छापायच्या आधी, दुसरा पाला स्वतः नळाखाली धुऊन पुन्हा बघायचं काम त्यांचं होतं, फुलसिंगभाऊ. त्यांनी बघितलं नाही, कारण भाकर त्यांना आवडली होती. ती चूक त्यांची. तुमचं फक्त आठ वर्षं गप्प बसणं. तेवढंच तुमचं घ्या, जास्तीचं उचलू नका. अन् उठा आता, मला फरशी पुसायचीय."